पाठमोरी मोलकरीण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल.

नव्वदचे दशक सरत होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तैलरंग शिकू लागले. महाविद्यालयात गणित शिकवणारी, वर्गाबाहेर आवाज न फुटणारी बाई मी. शिवाजी पेठेत एका तालमीमागे मास्तरांची शिकवणी चाले. त्यांनी मला एका जुन्या डच चित्राची छापील प्रत दिली – तीनशे वर्षांपूर्वीची खानावळ, पत्ते खेळणारे चौघे, आणि मागे काळोख्या दारात पाठमोरी मोलकरीण. चौकटी आखून मी ते इंचाइंचाने कॅनव्हासवर उतरवले. चौकटी मला जमतात. माणसे – नाहीत.

चुकले की मी घाईने वर रंग फासत असे. मास्तर वैतागत. "पातळ रंगानं झाकाझाकी करू नगासा, बाई. तेल जुनं झालं की खालचं वर दिसतंय."

विद्यार्थ्यांच्या चित्रांत दुरुस्ती ते स्वतःच्या हाताने करीत. एका दुपारी माझ्या स्टुलावर बसले आणि त्या मोलकरणीपाशी कितीतरी वेळ थांबले. उठले तेव्हा तिने मान वळवलेली होती. सुपारीएवढा चेहरा – सात-आठ वर्षांच्या मुलीचा, डावी भुवई मधोमध तुटलेली. ती माझ्याकडे पाहत होती. मी स्टूल सरकवले – तरीही. ही कोण, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. आठवड्याभरात मास्तर गेले.

त्यांच्या स्मरणार्थ आम्हा विद्यार्थ्यांची चित्रे मांडली गेली. लोक माझ्या चित्रापुढे थबकत होते – त्या चेहऱ्यापुढे. हा तुमच्या कल्पनेतला का, असे कुणीतरी विचारले. मी मान डोलावली. एवढेच. खोटे बोलायला शब्द तरी कुठे लागतात?

मग काकू आल्या, मास्तरांच्या पत्नी. चष्मा पदराने पुसून त्या चित्राला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या.

"बाई, ही आमची शैला हाय की! भुवई बघा. उखळावर पडलती."

शैला आठव्या वर्षी तापाने गेली, तिचा एकही फोटो नाही – हे मला तेव्हा, त्यांच्याच तोंडून कळले.

"ह्यांनीच काढलीया न्हवं?"

भोवती माझे कौतुक केलेली माणसे उभी होती. मी म्हणाले, "नाही, काकू. मीच काढली."

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाल्या, "चार दिस घरी ठेवू का? नुसती बघत बसतो."

सोमवारी आणून देते, असे मी सांगितले. त्यांच्या घरी मास्तरांचे जुने शिष्य येत. त्यांनी तो मास्तरांचा हात ओळखला असता. रविवारी सकाळी मी तपकिरी रंग कालवला. डोळे आधी झाकले – ते पाहत असताना बाकीचे झाकवेना. वर केस रंगवले, अंबाडा रंगवला. छापील प्रतीत होती तशी ती पुन्हा पाठमोरी झाली.

सोमवारी काकूंनी चित्र दारापाशी उजेडात नेले. उलटसुलट धरले. अंबाड्यावरून बोट फिरवले. बोटाला ओला रंग लागला. त्यांनी बोटाकडे पाहिले – मग माझ्याकडे.

"भासच झाला म्हणायचा मला. माफ करा, बाई."

माफी त्यांनी मागितली. मी चहा प्यायले, चित्र घेऊन घरी आले.

काकूही गेल्या, त्याला सहा वर्षे झाली. चित्र माझ्या खोलीत आहे. दोन वर्षांपूर्वी अंबाडा फिकट होऊ लागला; मला वाटले, धूळ. पुसली. मग तुटकी भुवई दिसली. मग कपाळ. आता पाठमोऱ्या खांद्यांवर, केसांच्या आतून, एक डोळा स्पष्ट उघडा आहे आणि दुसरा उघडतो आहे. जाड रंगाने कसे झाकायचे, हे मला आता येते. मी झाकलेले नाही. खुर्ची कुठेही ठेवली तरी शैला माझ्याकडे पाहते.

ती गेल्यावर तिच्या आईने तिला एकदाच पाहिले – आणि तो भास होता, असे मी त्या माउलीला मानू दिले.