मास्तरांच्या घरचं काहीही

गल्लीत नवीन राहायला आलेली माणसं सुरुवातीला हमखास फसायची. पोराचं गणिताचं पुस्तक काखेत मारून मास्तरांचं दार वाजवायची, आणि दार उघडायला यायची गळ्यात मापाची टेप अडकवलेली, कानामागे खडू खोचलेली एक बाई. मास्तर आहेत का घरात, असं विचारलं की म्हणायची, मीच. मग गणित राहायचं बाजूला. बाई पोराला गर्रकन फिरवून त्याची चड्डी बघायची आणि सांगायची, बसायच्या जागी विरलीय, ठेवून जा, उद्या ठिगळ लावून देते.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. लांबलचक टेबलावर थरावर थर कापड अंथरायचं, वरच्या थरावर खडूनं रेघा ओढायच्या आणि जाड कात्री अशी चालवायची, की खालच्या थरालाही वाटावं आपण वरच होतो. तिच्याआधी त्या टेबलापाशी कुणी बाई उभी राहिलेली नव्हती. तिला हाक काय मारायची इथूनच घोळ. मास्तरीण म्हणावं तर ती झाली मास्तरची बायको, आणि हिचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. म्हणून ती नुसती मास्तर झाली, आणि ते नाव तिच्याबरोबर घरीही आलं. नवरा मास्तर म्हणायचा, सासरे मास्तर म्हणायचे, आणि दहावीतली लेक रुसली की तीही मास्तर म्हणायची.

कापडाचं तिला भय नव्हतं. रेशीम असो की गोणपाट, ती दोन बोटांत चुरगाळून त्याची कुंडली सांगायची. तिला भय होतं एकाच प्रश्नाचं. दुपार कलली, की कारखान्यातल्या पंख्याच्या घरघरीतून तो तिच्या कानाशी यायचा: संध्याकाळी काय करायचं?

करायला तिची ना नव्हती. हात कामाला वाघ होते. पण करायचं काय, हे ठरवण्यातच जीव मेटाकुटीला यायचा. स्वयंपाकाला अर्धा तास लागतो, त्याच्या विचाराला अख्खा दिवस. ती सकाळी निघताना नवऱ्याला विचारायची, तो बुटाची नाडी बांधत म्हणायचा, काहीही कर. लेकीला विचारायची, तिचं डोकं मोबाइलमध्ये आणि तोंडात तेच, काहीही. सासऱ्यांना विचारायची, ते वर आणखी समजूतदारपणे म्हणायचे, माझं काय, काहीही चालेल. आणि संध्याकाळी तिनं थकल्या हातानं काहीतरी रांधलं, की तेच तिघं ताटाकडे असे बघायचे, जणू शेजाऱ्यांचं पार्सल चुकून आपल्याकडे आलंय.

शेवटी तिनं विचारणं सोडलं, आणि हळूहळू रांधणंही. नवरा डेपोच्या कँटीनमध्ये पोट भरून यायला लागला. लेक पाकिटातले नूडल्स खोलीत नेऊन खायची. घरातल्या जेवायच्या टेबलावर दुरुस्तीच्या कपड्यांचा असा ढीग साठला, की खाली टेबल आहे हे नुसतं ऐकून माहीत. आणि सासरे, म्हणजे नाना, खिडकीपाशी बसून चहात पाव बुडवून खायचे.

हे सगळं मास्तरला दिसत होतं, पण कळलं ते टेपमुळं. नाना एक दिवस पँट हातानं धरून फिरताना दिसले. तिनं कंबर मोजली आणि पँट आत घेतली. सहा महिन्यांत परत घ्यावी लागली. जास्तीचं कापड मात्र तिनं दोन्ही वेळा कापलं नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवलं. आत राखलेल्या अशा कापडाला शिवणाऱ्यांच्या बोलीत 'माया' म्हणतात. ती ठेवली, तर कपडा पुन्हा मोठा करता येतो.

नानांची थोरली लेक, मास्तरची नणंद, दुसऱ्या गावात राहायची आणि रोज दुपारी वडिलांना फोन करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: आज काय जेवलात? नाना खोटं बोलायचे नाहीत. म्हणायचे, पाव. दुसऱ्या दिवशी परत, पाव. शेवटी नणंदेनं मास्तरलाच फोन लावला. रागानं बोलली असती तर बरं, पण ती काळजीनं बोलली. म्हणाली, वहिनी, तुला दोष देत नाही, तुझे हात दोनच. पण पुढच्या महिनाअखेर मी येऊन नानांना घेऊन जाते. आमच्याकडे दोन घास गरम तरी मिळतील.

मास्तरनं फोन ठेवला आणि नानांना विचारलं, जायचंय का तुम्हाला. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं काय. कुठंही राहीन."

ते 'कुठंही' तिला सुई बोटात घुसावी तसं घुसलं. नाना एका मोठ्या इमारतीत जन्मभर लिफ्ट चालवायचे. मास्तर कामाला लागली तेव्हा, सून पुरुषांच्या टेबलापाशी उभी राहते म्हणून गल्ली कुजबुजली होती. तेव्हा हेच नाना दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, आमची सून वर चाललीय, मी दार लावणार नाही. असा माणूस आज कुठंही राहीन म्हणत होता. दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या पिशवीसारखा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चौकड्याच्या शर्टांच्या बाह्या कापायच्या होत्या. त्या कापडाला उलट-सुलट बाजू होती. अशा वेळी एक थर उताणा, एक पालथा अंथरायचा असतो, म्हणजे डावी आणि उजवी बाही जोडीनं निघते. तिच्या मनात मात्र बटाटा की कोबी, कोबी की बटाटा चाललेलं. सगळेच थर उताणे पडले. कात्री चालली, गठ्ठा सुटला, आणि बघते तर सगळ्या बाह्या डाव्या.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. एक बाही उचलून एवढंच म्हणाल्या, की मास्तर, आपलं गिऱ्हाईक दोन्ही हातांनी डावखुरं आहे का? नशिबानं ताग्यात कापड उरलेलं होतं, त्यातून उजव्या बाह्या निघाल्या. पण मास्तरचे कान दिवसभर तापलेले.

चहाच्या सुट्टीत इस्त्रीवाली मावशी तिच्याशेजारी टेकली. मावशीची इस्त्री आणि जीभ दोन्ही सारख्याच गरम. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू गिऱ्हाइकाला कधी 'काय शिवू' असं विचारतेस का?

मास्तर म्हणाली, छे, तसं विचारलं तर तो म्हणेल काहीतरी चांगलं शिवा, आणि घेऊन गेल्यावर रडत परत येईल.

"मग घरात कशाला विचारतेस?" मावशी म्हणाली. "गप माप घे की."

मास्तरचा कप तोंडापाशीच राहिला. खुळ्यागत इतके दिवस ती विचारत बसली होती. माप घ्यायचं असतं, आणि माप तर तिला सगळ्यांचं पाठ होतं. नवऱ्याला झणझणीत लागतं. लेक कांदा दिसला की नाक मुरडते, पण न दिसला तर खाते. नानांची कवळी कडक काही चावू देत नाही. तीन अंगांना तीन कपडे शिवायचे म्हणजे मरण. पण अस्तर एकच ठेवलं, आणि वरचं कापड ज्याचं त्यानं निवडलं तर?

त्या संध्याकाळी तिनं आधी टेबल मोकळं केलं. कपड्यांचा ढीग पलंगावर गेला, खालून डाग पडलेलं पण धडधाकट लाकूड निघालं. मग नानांच्या पुढ्यात कांदे, टोमॅटो, लसूण ठेवले आणि म्हणाली, नाना, आज माझ्यासमोर करा, उद्यापासून मी घरी येईस्तोवर हे तुमच्याकडे. बारीक चिरायचं आणि मंद आचेवर इतकं शिजवायचं, की कांदा होता याचा पुरावा राहता कामा नये. नाना म्हणाले, मला कुठं येतं. ती म्हणाली, लिफ्ट चालवत होता ना? तशीच हळू न्यायची, धक्का बसू द्यायचा नाही.

हे झालं अस्तर. त्यात त्या दिवशी तिनं डाळ घातली, मऊ भात केला, आणि टेबलाच्या मधोमध वाट्या मांडल्या: उकडलेली अंडी, वाटाणे, दही, तळलेली मिरची. ताटं रिकामीच ठेवली. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं.

लेक खोलीतून बाहेर आली, वाट्यांकडे बघून म्हणाली, हे काय आहे?

"तुम्ही रोज मागायचात तेच," मास्तर म्हणाली. "काहीही."

लेक हसली, आणि हसता हसता बसली. नवरा कँटीनमध्ये खाऊन आला होता, तरी 'चव बघतो' म्हणून बसला आणि पातेल्याचा तळ दिसेपर्यंत चवच बघत राहिला.

तिथून ते नाव पडलं. दुसऱ्या दिवशी त्याच अस्तरात कुस्करलेला बटाटा. नंतर कधी त्यावर अंडी फोडली, कधी बेकरीचा पाव भाजून त्यात भरलं. कोबीचा दिवस मात्र सपशेल फसला. नवरा म्हणाला, ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्यावर वास येतो ना, तशी चव आहे. सगळे हसून हसून बेजार झाले, आणि दही घालून तेही संपवलं. लेक शाळेतून निघताना नानांना फोन करून विचारायला लागली, आजचं काहीही कशाचं आहे. नाना ऐटीत सांगायचे, आल्यावर कळेल. दुपारभर ते चुलीपाशी झारा घेऊन असे उभे राहायचे, की राजवाड्याची लिफ्ट त्यांच्याच ताब्यात आहे. डेपोच्या कँटीनवाल्यानं नवऱ्याला विचारलं म्हणे, आजारी बिजारी आहेस का.

महिना उलटला. नणंदेचा फोन येतच होता, पण चुलीपाशी रमलेले नाना 'जेवलो, जेवलो' म्हणून ठेवून द्यायचे. एका दुपारी तिनं ठरलेला प्रश्न विचारला. नाना अस्तर हलवण्यात गुंग होते. म्हणाले, काहीही. तिनं विचारलं, आणि काल? कालही काहीही. रोजच? "हो, रोज," नाना खुशीत म्हणाले, "आता घरात दुसरं काही नसतंच."

नणंदेनं महिनाअखेरीची वाट बघितली नाही. त्याच संध्याकाळी ती मोठी रिकामी बॅग घेऊन दारात हजर. सगळे नुकतेच टेबलाशी बसलेले. तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"वहिनी, माझ्या बापाला तू रोज काहीही खायला घालतेस?"

"घालते की," मास्तर म्हणाली. "बसा ताई, तुम्हालाही वाढते."

नणंदेचं भांडण तिथंच अडलं. बायका भांडताना नाकारतात, ही तर कबूल करून वर आग्रह करत होती. लेकीला हसू आवरेना, तिनं तोंडावर रुमाल धरला. नवऱ्यानं बहिणीच्या हातातली बॅग काढून घेतली आणि नावाची सगळी कुळकथा सांगितली. नणंदेनं पातेल्यात डोकावून बघितलं, वाट्यांवरून नजर फिरवली, आणि चपला काढल्या.

तिनं खाल्लं. आधी बोटभर, मग वाटीभर. मग न विचारता पातेलं स्वतःकडे ओढलं. तिसऱ्यांदा वाढून घेताना बोलून गेली, की आमच्याकडेही तिघं तीन दिशांना तोंड करून खातात, आणि मी विचारलं की काहीही म्हणतात. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"पण नाना," ती वडिलांकडे वळली, "अंगाला लागतंय का तुमच्या?"

नाना तिला दही द्यायला उठले, आणि टक असा आवाज झाला. दोनदा आत घेतलेल्या पँटचं बटण सुटलं, टेबलावरून घरंगळत गेलं आणि नणंदेच्या ताटाला टेकून थांबलं. नानांनी एका हातानं पँट धरली, दुसऱ्या हातात दह्याची वाटी. पहिल्यांदा हसले ते स्वतः नानाच.

हसू ओसरलं, तसं बॅगेचं सगळ्यांना आठवलं. ती कोपऱ्यात तोंड उघडून बसली होती. नणंदेनं हळूच विचारलं, मग काय करायचं नाना, कुठं राहायचं? मास्तरच्या हातातला डाव तसाच थांबला. आता नाना 'कुठंही' म्हणाले, तर तिच्यानं काही बोलवणार नव्हतं.

नाना बसले. सावकाश दही कालवलं.

"जन्मभर लिफ्टमध्ये विचारत आलो, कितवा मजला," ते म्हणाले. "इतकी माणसं चढली-उतरली, पण 'कुठलाही' असं एकानंही सांगितलं नाही. मीच एकटा शहाणा निघालो." मग थोरल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू दार धरून ठेवलंस, बरं वाटलं. पण माझा मजला आलाय, बाई. हाच."

नणंदेनं डोळे पुसले आणि वाटी पुढे केली, म्हणाली, मग अजून थोडं वाढा. निघताना रिकामी बॅग काही रिकामी गेली नाही. नानांनी स्वतः शिजवलेल्या अस्तराचा डबा तिच्यात ठेवला, आणि आच मंद ठेवायची, धक्का बसू द्यायचा नाही, असं तिला बसमध्ये चढेपर्यंत बजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मास्तर नानांची पँट घेऊन मशीनवर बसली. ब्लेडच्या टोकानं एक टाका तोडला आणि दोरा ओढला, तशी कंबरेची शिवण सर्रकन उसवत गेली. आत दुमडून ठेवलेलं कापड बाहेर आलं, उन्हापासून लपल्यामुळं नव्यासारखं गडद. तिनं ते अंगठ्यानं सपाट केलं आणि टेप लावली. दोन्ही वेळचं सगळं सोडलं, तरी वरती पुरून उरेल इतकी माया होती.