मधल्या चित्रांचा दर

स्टुडिओत सगळे त्यांना 'हातवाल्या ताई' म्हणत. कार्टूनमधल्या माणसाचे हात काढताना भल्याभल्यांची भंबेरी उडते, बोटांची केळी होतात. ताईंनी काढलेल्या हाताने कप उचलला, की तो भरलेला आहे की रिकामा, हे बघणाऱ्याला कळायचं. परदेशी कंपनीकडून हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र यायचं. मधली दहा-बारा चित्रं ताई आणि त्यांच्या अकरा जोडीदारणी काढायच्या. अशी एकोणीस वर्षं गेली.

एके दिवशी दुपारी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "कंपनीला आपण महाग पडतोय ताई. काम दुसऱ्या देशात चाललंय. तुम्ही दोन महिने तिकडच्या बायकांना शिकवा. तुमची नोकरी मी सांभाळतो."

"आणि बाकीच्या अकराजणींची?"

मालक चष्मा पुसत बसले.

ताई हो म्हणाल्या. घरी नवरा शिलाई मशीनवरून उठलाच. "अगं, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"कुणाच्या पायावर पडतो ते बघू," ताई म्हणाल्या. खरं तर काय करायचं ते त्यांचंही ठरलं नव्हतं.

शिकवणी सुरू झाली. पडद्यावर चार बायका, मध्ये एक दुभाषी, ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून मालक. "हात काढायच्या आधी खांदा बघा, जोर तिथून येतो," ताई सांगायच्या. त्या बायका मन लावून शिकायच्या. त्यांच्यावर राग धरावा असं ताईंना काही केल्या जमेना.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईने विचारलं, "तुमचं काम इतकं चांगलं, मग ते तुमच्याकडून का काढून घेतायत?"

"आम्ही महाग म्हणून," ताई म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद ओढला, एका चित्रामागे मिळणारा दर ठळक अक्षरांत लिहिला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

मग त्या बाईने आपला आकडा लिहून दाखवला. रुपयांत तो ताईंच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता.

मालकांनी कॉल बंद करायला हात पुढे केला. "थांबा साहेब, माझं बोलणं संपलेलं नाही," ताई म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. "आमच्या दराखाली काम घेऊ नका. आज घेतलंत, तर उद्या तुमच्याहून स्वस्त कुणीतरी शोधतील आणि तिला शिकवायला तुम्हालाच बसवतील."

दुभाषीने एकदा मालकांकडे पाहिलं. मग तिने शब्द न् शब्द सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या टेबलावर कामावरून काढल्याचं पत्र होतं. त्यांनी पेन्सिली पिशवीत भरल्या. त्यांच्या जागी शिकवायला अकराजणींपैकी एकही तयार होईना. उलट त्यांनी हातातलं कामही खाली ठेवलं. तिकडच्या चौघींनीही कमी दराच्या करारावर सही करायला नकार दिला. कार्टून मालिका दाखवायची तारीख जाहीर झालेली, त्यामुळे कंपनीला घाम फुटला.

सतरा दिवस ताणून धरल्यावर तडजोड झाली. तिकडचा दर दुपटीहून जास्त झाला, इकडचं निम्मं काम राहिलं. अकराजणींपैकी आठ कामावर परतल्या. तिघींना जागा उरली नाही, ही सल ताईंच्या मनात कायमची राहिली. त्या तिघींना घेऊन त्यांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलं मांडली आणि जाहिरातींची किरकोळ कामं सुरू केली.

सहा महिन्यांनी मालकांचा निरोप आला, "माफीचं पत्र द्या, परत घेतो."

ताईंनी पत्र लगेच पाठवलं. त्यात एवढंच होतं: "मी दर सांगितला, आणि तो खरा होता. अजून कुणी विचारलं तर पुन्हा सांगेन."