उभ्या जिपीची बॅटरी

दिवाळी झाली की आमचं गाव ओस पडतं. ट्रॉल्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या भरून टोळ्या ऊसतोडीला निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, लेकरं आणि माझ्यासारख्या नोकरीवाल्या एक-दोघी. मी अंगणवाडीत आहे, म्हणून राहिले. नवरा मात्र टोळीचा ट्रॅक्टर चालवायला कर्नाटकात गेला आणि जाताना अंगणातली जुनी जीप माझ्या गळ्यात बांधून गेला.

आमचा पुढचा सगळा संसार त्या जिपीवर होता. हंगाम संपला की ती धारूर-माजलगाव रस्त्याला प्रवाशांसाठी लावायची आणि पुन्हा उसाचं तोंड बघायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पण जुनी गाडी उभी राहिली की आधी बॅटरी उतरते आणि मग एकेक दुखणं बाहेर येतं. निघताना तो म्हणाला, "गाडी जिती ठिव. मेली तर इकून टाकीन, अन् पुढल्या साली आपण दोघं बी कोयता घेऊन जाऊ." तो हे चिडून म्हणाला असता तर मी मनावर घेतलं नसतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, म्हणून मला धडकी भरली.

गाडी जिती ठेवायची म्हणजे रोज सकाळी सुरू करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. सासूबाईंनी त्याचा नेमच करून टाकला. "देवापुढं दिवा लावतो तसं रोज एकदा लावायची," असं म्हणून त्या आधी बॉनेटला हळदीकुंकू वाहायच्या. मग मी आत बसून किल्ली फिरवायची. दिवे लागतात का, हॉर्न वाजतो का, टेपवर गाणं लागतं का, सगळं बघायचं. सासूबाई बॉनेटवर हात ठेवून ताप बघायच्या. जरा कोमट लागलं की, "झालं, भरली गं," असा हुकूम सुटायचा आणि मी गाडी बंद करायची.

नेमका त्याच वेळी नवऱ्याचा फोन यायचा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एकदम, "लाव." मी फोन बॉनेटजवळ धरायची. "हॉर्न दे." मी द्यायची. हॉर्न ऐकून आळीतली कुत्री बोंबलायची, कोंबड्या फडफडायच्या, सासूबाई कुत्र्यांना शिव्या घालायच्या. तिकडून, "बरं, ठिव," की संपलं.

माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हणालेच, "अवं, रोज जिपीला इचारता, मला कावून इचारत न्हाई?"

"तुला काय धाड भरली?" तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता मनात यायचं, गाडीतला दिवा चालू राहिला असेल. हातातलं पातेलं मदतनीस बाईकडे देऊन भर उन्हात घरी पळायची, काचेला नाक लावून बघायची. दिवा बंदच असायचा. परत येऊन बसेपर्यंत वाटायचं, दार नीट लागलं नसेल. सासूबाई म्हणायच्या, "पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या?" गाव रिकामं असलं की साधी गोष्टही अंगावर येते. कोणाला सांगावं, तर सांगायला माणूस नसतं.

माघातल्या एका सकाळी किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं टक् केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. फोन चालूच होता.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"लागंना."

आता चार शिव्या पडणार म्हणून मी मन घट्ट केलं. पण तिकडून एका बाईचा आवाज आला, "का न्हाई लागली वो आज?" मागून आणखी कोणीतरी काही विचारलं. मला काही समजेना.

"कोण हाय तिथं?" मी म्हणाले.

"समदी टोळी हुभी हाय," तो हळूच म्हणाला. रोज सकाळी उसाच्या फडात शिरायच्या आधी तो फोनचा आवाज मोठा करून ट्रॅक्टरवर ठेवायचा आणि आमच्या गावची माणसं भोवती जमायची. गाडीच्या आवाजामागं आपल्या आळीतलं कुत्रं, आपली म्हातारी, एखाद्या लेकराचं रडणं ऐकू येतं का, हे बघायला. "तुमचं ऐकल्याबिगर कोयता उचलीत न्हाईत," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "माझा बी हात चालत न्हाई."

मला रडू फुटलं. इतके दिवस मी ज्याला जिपीचं वेड समजत होते, ते हे होतं.

धारूरच्या बॅटरीवाल्याला फोन लावला, तर तो उलट मलाच हसला. "ताई, सुरू करायला जेवढं जातं तेवढं परत भरायला गाडी पळवावी लागती. तुमी जरा घरघर करून बंद करता, वर दिवे, हॉर्न अन् गाणी. रोज थोडी थोडी तुमीच मारली तिला. पळवत नसाल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठिवा अन् गप बसा."

वायर सोडली तर सकाळी टोळीला काय ऐकवायचं? आणि पळवायची तर मला गाडी फक्त पुढं नेता यायची. नवऱ्यानं कोरड्या तळ्यात शिकवलं होतं, पण मागं घ्यायच्या धड्यालाच आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि शिकवणी तिथंच मोडली. एकदा अंगणाबाहेर काढलेली जीप पुन्हा आत लावणं माझ्या बापाला जमलं नसतं.

पण पुढं तर नेता येत होती ना! मी आळीत हाक दिली. धट्टाकट्टा गडी गावात औषधालाही नव्हता, आल्या त्या सगळ्या सासवा. एरवी पाण्याच्या टाकीवर एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या त्या बायांनी पदर खोचले आणि जिपीला खांदे लावले. माझ्या सासूबाई ढकलत कमी होत्या, ओरडत जास्त होत्या. उतार लागला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी दोन हिसके देऊन सुरू झाली. मागं बायांचा एकच कल्ला झाला. मी थांबले नाही. थांबायची हिंमतच नव्हती. फाट्यापर्यंत गेले, तिथल्या मोकळ्या रानातून मोठा वळसा घेतला आणि परत येऊन जीप उतारावरच लावली.

त्यानंतर सकाळी टोळीला आवाज ऐकवून झाला की मी फाट्यापर्यंत चक्कर मारायचीच. घाबरत, घामाघूम होत, समोर एसटी दिसली की देवाचं नाव घेत. हळूहळू बॅटरी धरायला लागली.

गुढीपाडव्याच्या तोंडावर टोळी आली. नवरा काळा पडला होता, गालफडं बसली होती. कारखान्यापुढच्या रांगेत स्टेअरिंगवर डोकं टेकून काढलेल्या झोपा त्याच्या डोळ्यांत दिसत होत्या. घरात न शिरता तो आधी जिपीत बसला. मी जिपीच्या दाराशी उभी राहिले.

त्यानं किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्याला जीप लागली. तो उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसला.

"तू चालव," तो म्हणाला. "माझ्यात जीव न्हाई."

"कुठं जायचं?"

"कुठं बी."

गावाची शीव ओलांडायच्या आत त्याची मान एका बाजूला कलली. त्याच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते, नखांत ग्रीस होतं. त्या हातांकडे बघून मला राहवेना. "आता पुन्ना न्हाई जायचं तुमी. ऐकलं का?"

तो झोपेतच, "हं," म्हणाला.

मी ती कबुली धरली आणि जीप माजलगावच्या रस्त्याला लावली.