आमचे भिऊनका आप्पा

आमचे आप्पा उपदेशक होते, आणि पंचक्रोशीत त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. त्यांची सख्खी मुलगी सांगते आहे, तेव्हा चहाडी समजू नका. कुत्रं दिसलं की आप्पा रस्ता बदलायचे. बैलाच्या पुढून जायचे नाहीत आणि मागूनही जायचे नाहीत. मग जायचं तरी कुठून, असं आई विचारायची. विहिरीत डोकावायचे नाहीत. अंथरायचं घोंगडं तीनदा झटकायचे, आणि तिसऱ्यांदा झटकून झालं की मला म्हणायचे, "पोरी, तू एकदा बघ. तुझी नजर चांगली आहे."

आणि हाच माणूस दर रविवारी बेळगावच्या आमच्या ख्रिस्ती देवळात उभा राहून छातीवर हात ठेवून गर्जायचा, "भिऊ नका!" उपदेश कशावरही असो, लग्नाचा असो, मयताचा असो, कापणीच्या सणाचा असो, फिरून फिरून गाडी तिथंच यायची. मिशनच्या शाळेतल्या पोरींनी त्यांचं नावच 'भिऊनका' पाडलं होतं. मी रडत घरी आले तर ते हसले. म्हटलं, आप्पा, तुम्ही स्वतः एवढे भिता, मग लोकांना कशाला सांगता? तर म्हणाले, "ज्याच्या पोटात भूक असते तोच जेवणाच्या गोष्टी काढतो, पोरी."

नाताळ उरकला की आप्पांना आठ दिवसांची सुट्टी मिळायची. इतर लोक सुट्टीत विसावा घेतात. आमच्याकडं बैलगाडी भाड्यानं ठरवून, दशम्यांचं गाठोडं आणि उरलेल्या करंज्यांचा डबा घेऊन, आई, मी आणि धाकटी मार्था अशी वरात निपाणीच्या रस्त्याला लागायची. वाटेत जिथं जिथं आमचं नातं होतं आणि ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी होती, तिथं मुक्काम. सकाळी उपासना, दुपारी नातेवाइकांच्या घरी जोंधळ्याची भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, संध्याकाळी भजन. "ह्याला सुट्टी म्हणतात व्हय?" असं आई काकती गाव मागं पडायच्या आत एकदा म्हणून घ्यायची, मग वर्षभर म्हणायची नाही.

त्या प्रवासात आप्पांचं भिणं ऐन बहरात यायचं. नदी ओलांडायची म्हणजे ते गाडीतून उतरणार, कारण गाडी उलटेल ही भीती. मग पाण्यातून चालणार, कारण दुसरी वाटच नाही. पाणी घोट्याला लागलं की गीत सुरू. गुडघ्याला लागलं की दुसरं कडवं, तेही इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. आम्ही दोघी बहिणी गाडीत लोळून हसायचो. आई डोळे वटारायची, पण तिचेही खांदे हलत असायचे.

तंबाखूच्या शेतांचा उग्र वास नाकात शिरला की समजायचं, आत्याचं गाव आलं. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, मूलबाळ नसलेली विधवा. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच आप्पांना कडेवर वागवून मोठं केलं. एका आईच्या पोटची ही दोन माणसं, पण देवानं सगळी छाती हिच्या वाट्याला दिली होती. विंचू निघाला की वहाणेनं ठेचायची आणि हात धुऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. मंडळीचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची, वर नळ्यांची कौलं घातलेली एक खोली. तिचा झाडलोट-सारवणाचा मान आत्याचा होता. दाराशी लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता, तीच आमची घंटा. तीही आत्याच वाजवायची, आणि अशी वाजवायची की देव जागा नसेल तर व्हावा.

आता कार्डाचं सांगते, कारण सगळं पुढचं त्यातून आलं. निघायच्या पंधरा दिवस आधी आप्पा प्रत्येक मंडळीला एक पोस्टकार्ड टाकायचे. मजकूर ठरलेला. 'सर्वांस सलाम. अमुक वारी सकाळी येतो. देवळात जमावे. भिऊ नये.' ते शेवटचं वाक्य लोक 'कळावे' लिहितात तसं ते लिहायचे, हाताच्या सवयीनं. पण मंडळीतल्या कुणाला वाचता येत नव्हतं. शाळेचा मास्तर कार्ड वाचून दाखवायचा, आणि मग ते देवळातल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवलं जायचं. त्या माणसांना वर्षात येणारा तो एकच कागद. उपदेशकसाहेबांनी कार्डात लिहिलं ते झालंच पाहिजे, पाऊस असो, मळणी असो.

ते प्लेगचे दिवस होते. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालायचे. आप्पांनी तर धसकाच घेतला होता. प्लेगची सुई टोचायला डॉक्टर आला, तेव्हा बेळगावात लोक दारं लावून बसले. आप्पा मात्र आम्हा सगळ्यांना घेऊन पहिल्या रांगेत. आम्हाला टोचून झालं, आपला दंड पुढं केला आणि सुई लागायच्या आधीच जमिनीवर आडवे झाले. डॉक्टरनं आडव्या माणसालाच टोचलं.

त्याच वर्षी आत्याकडं गेलो, तेव्हा आप्पांनी उपासनेनंतर तिला बाजूला घेतलं. "आक्का, निपाणीला डॉक्टर आलाय. सुई टोचून घे. माझ्याबरोबर चल." आत्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ती सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "अगं बया! आत्ताच आत उभा राहून भिऊ नका म्हणालास, आन् दाराबाहेर आलास तवर भ्यालास व्हय रं?" सगळे हसले. मंडळीचे पंच भरमाप्पा तर पोट धरून हसले. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. तेही कसनुसं हसले आणि गप्प बसले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पुढच्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. कार्डं गेली, आमची गाडी निघाली. आत्याच्या गावाजवळ आलो तर माळावर झोपड्याच झोपड्या. गाडीवानानं बैल थांबवले. "उपदेशकसाब, गाव उठलंय." आप्पांच्या ओठांवरचं गीत तिथंच थांबलं. आमच्या माणसांच्या झोपड्या कुठल्या म्हणून विचारलं, तर कुणीतरी टोकाच्या चार-पाच दाखवल्या. तिथं चुली थंड होत्या, माणूस एकही नव्हतं. एक शेळी बांधलेली होती, तीच आमच्याकडं बघत होती.

आणि तेवढ्यात गावातून घंटा वाजली. तो रुळाचा तुकडा, तोच हात. रिकाम्या गावात घंटा कोण वाजवतं? मार्थानं आईच्या कमरेला मिठी मारली. आप्पा गाडीतून उतरले आणि आम्हाला म्हणाले, "इथून हलायचं नाही." पण मी कसली ऐकते! त्यांच्या मागून गेले.

दारं सताड उघडी, घरं ओस. एकही कुत्रं भुंकलं नाही. आप्पांना कुत्र्याच्या नुसत्या भुंकण्यानं घाम फुटायचा, पण त्या दिवशी ते दर वळणावर थांबून कान द्यायचे, एखादं तरी भुंकावं म्हणून. एका उंबऱ्याशी मेलेला उंदीर पडला होता. आप्पांनी मागं वळून मला पाहिलं, रागावले नाहीत. माझा हात धरला आणि घंटेच्या आवाजाकडं चालायला लागले.

देऊळ भरलं होतं. सगळी मंडळी, लेकरंबाळं घेऊन, नवी लुगडी नेसून ओळीनं बसली होती. जमीन ओली, ताजी सारवलेली. दाराला झेंडूची माळ. आत्या दारात उभी होती, दोन्ही हात शेणामातीनं भरलेले, तोंडभर हसू. "सलाम! आलास? ये, ये."

"आक्का, गावात उंदीर पडलेत न्हवं?"

"पडलेत की. लई पडलेत. इथंच कोपऱ्यात दोन होते, मी हातानं उचलून टाकले. दोन दिस हितंच ऱ्हायलोय मी, सारवायचं होतं न्हवं? एका दिसात हुतंय व्हय?"

"मग सगळे आत का आलात?" आप्पांचा आवाज फुटला.

भरमाप्पा उठून उभे राहिले. त्यांनी शास्त्रातून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "साहेब, आमी माळावरच होतो. कुणीच येणार न्हवतो. पर तुमचं कार्ड आलं. देवळात जमावे, भिऊ नये. मग म्हटलं, साहेबांना सगळं ठावं असणार. ठावं असून बोलावत्यात, मग भ्यायचं कशाला?"

आप्पांनी स्वतःच्या हातचं कार्ड वाचलं. मी खालून त्यांचा चेहरा बघत होते. तसा चेहरा मी नंतर आयुष्यात कुणाचा पाहिला नाही, आणि देवानं पुन्हा दाखवू नये. मग ते ओरडले. उपदेशाचा तो आवाज नव्हे. चिरका, बायकी, भेदरलेला. "बाहेर या! सगळे बाहेर या! भ्या! अरे बाबांनो, भ्या!"

मंडळी बाहेर आली. प्लेगला भिऊन नव्हे, साहेबांना काय झालं म्हणून घाबरून. आप्पांनी सगळ्यांना माळावर नेलं, बाभळीखाली बसवलं आणि उपासना घेतली. उपदेश दोन वाक्यांचा. "माझ्याकडून चूक झाली. भीती देवानंच दिली आहे, ती वाया घालवू नका." आत्या शेवटी बसली होती. तिला ते मुळीच पटलं नव्हतं. "येवढं सारवलं मी," असं ती दोनदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, आमचा मुक्काम अजून माळावरच होता, तिला ताप भरला. काखेत गाठ आली.

आप्पांनी त्याच सकाळी गाडी जुंपायला लावली. आई म्हणाली, "तुम्हीही चला. इथं बसून काय करणार? तुम्हाला भीती वाटत नाही का?" आप्पा म्हणाले, "लई वाटते. म्हणून तर तुम्ही जा." त्यांनी आमच्या डोक्यावर हात ठेवले, झोपडीकडं वळले आणि गीत म्हणायला लागले. मोठ्यानं, नदीत म्हणायचे तसं. गाडी वळणाआड गेली तरी ऐकू येत होतं. त्या दिवशी आम्ही कुणी हसलो नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. भीती म्हणजे काय ते मला तोवर माहीतच नव्हतं. आप्पांची बघितली होती, स्वतःची नव्हती. टपालवाला फाटकाशी दिसला की आई आत जाऊन पाठमोरी उभी राहायची. मिशनच्या कंपाउंडातली माणसं लांबूनच सलाम करायची. मी आप्पांसारखंच घोंगडं तीनदा झटकायला लागले, का ते मला सांगता येणार नाही.

नवव्या दिवशी कार्ड आलं. आईनं ते माझ्याच हातात दिलं. 'आक्का मंगळवारी पहाटे गेली. बाकी मंडळीत कुणास काही नाही. मी बरा आहे. शनिवारी येतो.' खाली अर्धं कार्ड कोरं होतं. मी उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. ते शेवटचं वाक्य कुठंच नव्हतं.

शेवटचं काय बोलणं झालं ते भरमाप्पांनी पुढं आम्हाला सांगितलं. पाणी पाजताना आप्पांचा हात कापून पाणी सांडायचं. आत्या म्हणाली, "भितोस रं?" आप्पा म्हणाले, "व्हय, आक्का." "मग जा की." "न्हाय." आत्या थोडी हसली म्हणे, आणि म्हणाली, "लहानपणीबी असाच होतास. भ्यालास की मलाच येऊन चिकटायचास."

त्यानंतर आप्पा पुष्कळ जगले. कुत्र्यांना भीत राहिले, बैलांना भीत राहिले. सुट्टीतल्या फेऱ्याही चालू राहिल्या, पण कार्ड कधी टाकलं नाही. न सांगता जाऊन उभे राहायचे. बायका कुरकुरायच्या, सारवलेलं नाही म्हणून. ते तसेच भुईवर बसायचे. आणि गावोगावी सुई टोचायचा डॉक्टर आला की आप्पा त्याच्या टेबलाशी, लोकांचे दंड धरून. भित्रा उपदेशक म्हणून लोक तोंडावर हसले तरी हलायचे नाहीत.

मी शिकले, मास्तरीण झाले, आणि नेमणूक मिळाली ती जांबोटीच्या पलीकडं, रानातल्या एका गावी. आप्पा पोचवायला आले. वाटभर जनावरांच्या भीतीनं त्यांनी काठी आपटली आणि दोन गीतं संपवली. परत निघताना माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता तरी म्हणतील, भिऊ नको. इतक्या वर्षांनी मला ते ऐकायचं होतं.

ते म्हणाले, "इथं कशाची भीती वाटली तर सरळ उठून घरी ये. कुणाला वाटली तर त्याचंही ऐक. लोक हसतील म्हणून गप्प बसू नकोस, पोरी. मी एकदा बसलो होतो."