मी राजीनामा दिला नाही

माझा फोन टेबलाच्या मधोमध होता आणि एचआरच्या मॅडम माझे मेसेज मोठ्यानं वाचत होत्या.

गोव्यात मोपाच्या पठारावर, विमानतळाजवळ, एक मोठं हॉटेल. मी तिथं रिसेप्शनवर होते. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघंच. मोठे साहेब, मॅडम, मी आणि प्रसाद. प्रसाद ड्युटी मॅनेजर. माझा वरिष्ठ. मेसेज त्यालाच केलेले होते.

मॅडम पुण्याच्या. त्यांना मालवणी कळत नव्हती. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मालवणी त्या अडखळत वाचायच्या, मान वर करायच्या आणि प्रसादला विचारायच्या, "याचा अर्थ?"

आणि तो सांगायचा.

"जेवलंस?"

"जेवण झालं का, असं विचारतेय."

"बाबांचो खोकलो वाढलो हा. तू हंय असतस तर बरा वाटला असता."

"वडील आजारी आहेत. मी तिथं असतो तर बरं वाटलं असतं, असं म्हणतेय."

विचारतेय. म्हणतेय. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"माका भय वाटता."

"भीती वाटते म्हणतेय."

"कशाची?" मॅडमनी विचारलं.

प्रसादनं खांदे उडवले. "काय माहीत."

त्याला माहीत होतं. त्या मेसेजच्या आदल्याच दिवशी त्याच्या घरी माझं नाव निघालं होतं. त्याच्या आईनं पहिला प्रश्न जातीचा केला होता. हे मला त्यानंच सांगितलं होतं, आणि ते ऐकून मी तो मेसेज केला होता.

माझे बाबा सावंतवाडीकडून डिचोलीजवळच्या सुर्लाला आले ते खाणीवर ट्रक चालवायला. खाण बंद पडली, ट्रक गेला, खोकला राहिला. आमच्या घरात कोट घालून कामाला जाणारी मी पहिली. डिचोलीतून बसनं जायचे. सुरुवातीला पाहुण्यांशी इंग्रजी बोलताना शब्द आठवायचे नाहीत. प्रसाद मागं उभा राहून हळूच शब्द सांगायचा. तिथून सुरू झालं. माझं प्रेम होतं त्याच्यावर. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून लिहिते आहे.

कामावर घेताना कंपनीनं नियमांवर सही घेतली होती. सहकाऱ्यांत संबंध असतील तर कळवायचे. हजेरीचं ॲप स्वतःच्या फोनवर घ्यायचं, आणि ते ॲप असलेला फोन कंपनी कधीही तपासू शकते. सगळ्यांनी सही केली. मीही केली. संबंध कळवूया, असं मी प्रसादला पुन्हा पुन्हा म्हणायचे. तो म्हणायचा, "आत्ता नको गो. घरी कळला तर वांदे होतले." मग कुणीतरी आम्हाला हळर्णच्या किल्ल्यावर एकत्र पाहिलं आणि हॉटेलात येऊन सांगितलं.

मॅडमनी फोन खाली ठेवला. प्रसादकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीच मेसेज करायची. मी फक्त तिची अडचण समजून घेत होतो."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. केबिनच्या काचेतून धावपट्टीकडे जाणारं विमान दिसत होतं. मी विमानाकडेच बघत राहिले. माणसांकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात प्रसादचा फोन वाजला. त्याच्या खिशात. त्यानं हात घालून आवाज बंद केला आणि हात परत मांडीवर ठेवला.

त्याच्याही फोनवर तेच ॲप होतं. त्याचीही तीच सही होती. मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजचं उत्तर त्या खिशात होतं.

मी म्हटलं, "त्याचाही फोन बघा."

मॅडम साहेबांकडे बघू लागल्या. साहेब कोंकणीत म्हणाले, "बऱ्या घरचो भुरगो तो. ताच्या बापायक हांव वळखता."

चांगल्या घरचा मुलगा. त्याच्या बापाला मी ओळखतो. म्हणजे माझ्या बापाला कुणी ओळखत नव्हतं. झालं. एवढ्या एका वाक्यात मला सगळा नियम कळला. सही करताना जो वाचला होता तो नव्हे, खरा.

मी हात लांब केला आणि माझा फोन उचलला.

"तो ठेवा," मॅडम म्हणाल्या.

"माझा आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. राजीनामा. आधीच टाइप केलेला. वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीनं नोकरी सोडत आहे. खाली माझं नाव.

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्याच भल्यासाठी सांगते. सही केलीत तर अनुभवाचं पत्र मिळेल. नाहीतर काढावं लागेल. मग या पट्ट्यात कुणी उभं करणार नाही."

मी म्हटलं, "स्वखुशीनं नाही. काढा. कारण लिहा. आणि त्याचंही नाव लिहा."

"विचार करून बोला."

"केला."

त्यांनी काढलं. पत्रात 'गैरवर्तन' एवढंच लिहिलं. त्याचं नाव कुठंच नाही.

कोट, ओळखपत्र, लॉकरची चावी तिथंच घेतली. रिसेप्शनवर रेश्मा होती. रोज माझ्या डब्यातलं खाणारी. मी समोरून गेले तेव्हा ती कॉम्प्युटरकडे बघत होती. स्क्रीन बंद होता. मी तिला हाक मारली नाही. बसमध्ये बसले तोवर मला स्टाफच्या ग्रुपमधून काढलेलं होतं. दिवसभर टिंगटिंग करणारा फोन. आता काही नाही.

घरी आई म्हणाली, "सही केलंस असतंस तर काय बिघडलां असतां? गावात तोंड कसा दाखवू मी?"

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आणि तेका काढल्यानी?"

"नाय."

ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात तिघंजण तीन ठिकाणी बसलेले असायचे. शेजारच्या बायका आईशी बोलायच्या आणि मी आले की विषय बदलायच्या. मी दुकानात जायचे, फक्त साखर मागायचे आणि परत यायचे. कुणाशी बोलून किती दिवस झाले हे मीच विसरले.

एकदा प्रसादचा फोन आला. "अजून सही कर गो. मी साहेबांशी बोलतंय. पत्र मिळवून देतंय."

मी विचारलं, "माका कशाची भीती वाटत होती, तुका खरांच माहीत नव्हतां?"

तो म्हणाला, "तुझा आपला कायतरीच."

मी फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. वाट बघितली. खोटं कशाला बोलू. बरेच दिवस बघितली. मग ती सवय सुटली.

कामगार खात्यात तक्रार केली आहे. एकटीच जाते, एकटीच येते. आमचं दोघांचं रेश्माला माहीत होतं, म्हणून तिला साक्षीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "माझां घर चालूक होयां गो." मी तिला दोष दिला नाही.

आता दुसरीकडे नोकरी मागायला जाते. गेल्या आठवड्यात पेडण्यातल्या एका हॉटेलात गेले होते. समोरच्या बाईंना माझं इंग्रजी आवडलं. मग त्यांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?"

ओळखीच्या सगळ्यांनी बजावलं होतं, घरची अडचण होती म्हणून सांग.

मी म्हटलं, "सोडली नाही. काढलं. सहकाऱ्यावर प्रेम केलं म्हणून काढलं. तो माझा वरिष्ठ होता. तो अजून तिथंच आहे."

बाईंनी माझा कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आम्ही कळवतो."

त्यांनी कळवलं नाही. कळवणार नाहीत हे मला बाहेर पडतानाच माहीत होतं.

पुढच्या ठिकाणी जाईन. तिथंही हेच विचारतील. मी हेच सांगेन. जे मी केलं नाही ते स्वखुशीनं केलं, असं माझ्या तोंडून कुणालाही ऐकायला मिळणार नाही.