जोबांच्या घरचं बारसं

“केतकीला काय विचारायचंय त्यात? ती काही बोलत नाही. तिचंही तिकीट बरोबरच काढून टाकतो.”

बाबा फोनवर पुण्याच्या काकाला सांगत होते. मी पॅसेजमध्ये बुटाची लेस बांधत होते. बाबांचा आवाज चढलेला नव्हता, उलट मायेचाच होता. घरातली एक तरी काळजी मिटलेली आहे, असा.

मंदीचा तो पहिला उन्हाळा. बाबांच्या कंपनीचे टॉवर अर्ध्यावर थांबले होते आणि बाबांना नोटीस मिळाली होती. धाकट्या ओमची शाळा संपली की अबूधाबीतल्या खलिफा सिटीमधलं घर आवरून पुण्याला जायचं ठरलं होतं. मी मुसफ्फातल्या एका लहान फॅब्रिकेशन कंपनीत ड्रॉइंगं सांभाळायचं काम करत होते. तिथलीही निम्मी माणसं गेली होती. तीन जणांचं काम मी न कुरकुरता करते, म्हणून मी उरले होते. गुरुवारी मॅनेजरनी विचारलं होतं, “वडील गेले तरी राहशील का? व्हिसा कंपनीच्या नावावर करून घेऊ. रविवारी सांग.” मी “ओके, सर” म्हणाले होते. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आईनं हातात बेसनलाडवांचा डबा आणि चांदीचे वाळे दिले. “बाळाच्या आईला सांग, आमच्याकडे असे घालतात. आणि पोचल्यावर मिस्ड कॉल दे.” ओमनं टीव्हीवरून मान न वळवता, “सी या,” म्हटलं. शुक्रवारची सकाळ होती आणि मी रास अल खैमाला, फातूच्या मुलीच्या बारशाला निघाले होते.

फातू गाम्बियाची. आफ्रिकेच्या पश्चिम कडेला, एका नदीच्या दोन्ही काठांवर बसलेला हा चिंचोळा देश नकाशात सेनेगलच्या पोटात खुपसलेल्या बोटासारखा दिसतो. ऑफिसात फातूचं टेबल माझ्या शेजारी होतं. रोज सकाळी ती “नांगा देफ?” (कशी आहेस?) विचारायची. माझं “फाइन” तिला पुरायचं नाही. मग ती आईचं विचारायची, बाबांचं, ओमचं, आणि शेवटी रात्रीच्या झोपेचं. तिच्या देशात एवढं विचारल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. बाळाच्या वेळी ती नोकरी सोडून नवऱ्याकडे, रास अल खैमाला गेली. मोदू तिथल्या एका सिमेंट कारखान्यात कामाला होता.

दुबईपर्यंतच्या बसमध्ये बायकांच्या पुढच्या सीटवर बसून मी थांबलेल्या क्रेन पाहत राहिले. एरवी त्या रात्रंदिवस फिरायच्या. आता सगळ्यांचे हात एकाच बाजूला वळून राहिले होते. समुद्राकाठच्या घरांची चित्रं काढलेल्या मोठ्या फलकांमागे फक्त वाळू होती. दुबईत बस बदलली. शारजा मागे पडली, मोकळं वाळवंट लागलं, मग काटेरी झाडं आणि त्यांना टेकलेले उंट. शेवटी उजव्या हाताला डोंगर उभे राहिले, करडे आणि साफ उघडे. आपल्याकडच्या डोंगरांवर भर उन्हाळ्यात निदान वाळलेलं गवत तरी असतं.

बसस्टँडवर टॅक्सी केली. ड्रायव्हर पेशावरचे एक वयस्क चाचा होते. मी “फॅक्टरी के पास, कॉलनी” एवढंच सांगितलं. थोड्या वेळानं सिमेंटच्या चिमण्या डावीकडे दिसल्या आणि मागे पडल्या. त्या मागे पडताना मला दिसत होत्या. सांगावं की नाही या विचारात मी होते, तेवढ्यात गाडी टाइल्सच्या कारखान्याच्या फाटकासमोर थांबली.

“ये तो नहीं,” मी म्हणाले. “सिमेंटवाली.”

“वो तो पीछे गई, बेटी.” चाचांनी आरशातून पाहिलं. “आप देख रही थीं?”

“जी.”

“तो बोलना था ना. आप चुप थीं, मैं समझा ठीक जा रहे हैं.”

ते रागावले नाहीत. गाडी परत फिरवताना त्यांनी खिडकीतून मला समुद्राची खाडी दाखवली. मला मात्र कानाशी काहीतरी गरम झाल्यासारखं वाटलं. सकाळपासून दुसऱ्यांदा माझ्या गप्प बसण्याचा कुणीतरी सरळ अर्थ लावला होता.

फातूचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा मागचा भाग. अंगणात ताडपत्रीखाली चटया पसरलेल्या होत्या आणि निळे, पिवळे, जांभळे, कडक इस्त्रीचे झगे घातलेली माणसं बसली होती. मी पोचले तेव्हा बाळाचं जावळ काढणं चाललं होतं. गाम्बियात आठव्या दिवशी हे करतात, त्याला न्गेंते (बारसं) म्हणतात. बाळ तिच्या बाजेनच्या (आत्याच्या) मांडीवर होतं. मग एका दाढीवाल्या वृद्धानं बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. आमच्याकडे कानात कुर्र करायचा मान आत्याचा असतो आणि इतर बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे मी शेजारणीला सांगितलं असतं. पण ती अनोळखी होती. नाव मोठ्यानं जाहीर झालं, आवा. मोदूच्या आजीचं. एक जण कोलाच्या (उत्तेजक, कडू बिया) फोडी वाटत आला. सुपारी समजून मी मोठा तुकडा दाढेखाली धरला आणि डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बाईनं काही न बोलता लाल सरबताचा पेला पुढे केला. त्याला वोंजो म्हणतात. पहिल्या घोटातच ओळख पटली, ही तर आपली लाल अंबाडी.

फातू आतल्या खोलीत होती. तिनं वाळे लगेच बाळाच्या पायांत घातले आणि दार ढकलून घेतलं.

“केटकी, मोदूच्या कारखान्यात एक शिफ्ट बंद झाली,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्याच्या मोठ्या भावानं तिकडून ठरवलंय. मी आणि बाळानं परत जायचं. पुढच्या महिन्यात.”

“तुला जायचंय?”

“नाही. एकदा गेले की पुन्हा इथे येणं होत नाही. बाळ बापाला फोनवरच ओळखेल.”

“मग सांग त्यांना.”

“नवऱ्याच्या मोठ्या भावापुढे मी कशी बोलू? आमच्यात ते बरं दिसत नाही.” मग ती एकदम हसली. “पण याय येतेय शारजाहून.”

“ती कोण?”

“ती न्जाय आहे,” फातू म्हणाली. जणू एवढ्यात सगळं आलं.

मला काहीच कळलं नाही. कळलं ते जेवणाच्या वेळी.

याय म्हणजे आई. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या त्या भरदार बाईला सगळेच तसं म्हणत होते. फाटकातून आत येताच तिनं बाळाच्या बापाकडे बोट दाखवलं. “हा बघा, जोब! भाताचा वास आला की जोब कुठूनही हजर.”

“भात माझ्याच घरी शिजलाय, याय,” मोदू म्हणाला.

“गुलामाचं घर ते मालकाचंच घर.”

मी हबकून इकडेतिकडे पाहिलं. सगळे आनंदानं हसत होते. मोदूनं तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “राज्य आमचंच होतं. न्जायांना दोन दिवस सांभाळायला दिलं, तर त्यांचं पोट सुटलं.”

शेजारीण त्यांचं बोलणं मला हळूच इंग्रजीत सांगत होती, तिनंच हेही समजावलं. जोब आणि न्जाय ही दोन आडनावं एकमेकांची थट्टेची नातलग आहेत. पिढ्यान् पिढ्या. ओळख असो वा नसो, समोरचा न्जाय आहे कळलं की जोबानं त्याला चिडवायचं, आणि उलट. त्यात वय, पैसा, मान काही आड येत नाही आणि राग मानायची सोयच नाही. जे सख्ख्या भावाला बोलता येत नाही, ते या नात्यात बोलता येतं. आमच्याकडे लग्नात विहिणींचे उखाणे-टोमणे असतात, ते दोन दिवसांत संपतात. यांचं आयुष्यभर चालतं.

मोठ्या परातीत बेनाचिन (एकाच भांड्यात शिजवलेला भात) आला. वर मासे, कोबी, लाल भोपळा. पाच-सहा बायका एका परातीभोवती बसल्या आणि मी थबकले. जेवता हात वाढायच्या भांड्याला लागला तरी आई ओरडते. उष्टं-खरकटं या शब्दांवर मी वाढले आहे. पण बघितलं, तर कुणीच दुसरीच्या भागात हात घालत नव्हतं. जिची तिची बाजू आखल्यासारखी होती. मी बसले.

याय मात्र बसली नाही. पुरुषांची परात समोर आली तशी तिनं झाकण उचललंच नाही. त्यावर आपला भलामोठा हात ठेवला.

“जोबांना आज भात नाही,” ती म्हणाली.

“का, बाई?” परातीशी बसलेल्या एकानं विचारलं.

“मी ऐकलंय, तुम्ही आमच्या मुलीला परत धाडताय. तिला विचारलं?”

मोदू खाली बघत म्हणाला, “मोठ्या भावानं ठरवलंय, याय.”

“लाव त्याला फोन.”

त्यानं लावला. यायनं फोन हातात घेऊन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. “ए भातखाऊ! मी न्जाय बोलतेय.”

पलीकडून एक जाड हसू आलं. “मेलो. काय घेणार आता?”

“तुझ्या भावाचं जेवण माझ्या हाताखाली आहे. तू न विचारता भावजयीचा संसार हलवतोस आणि वर भात खातोस? सगळ्या जोबांची अक्कल पोटातच असते का?”

“तिनं नाही म्हटलं नाही कधी,” पलीकडचा आवाज म्हणाला. अजून हसरा होता, पण जरा सावध.

“तुला कोण नाही म्हणेल, हत्तीला? मी विचारते.” ती दाराकडे वळली. “फातू, बोल.”

फातू बाळाला घेऊन दारात उभी होती. तिचा आवाज सुरुवातीला बसलेलाच होता. “मी जाणार नाही. बाळ थोडं मोठं झालं की नोकरी शोधेन. तोपर्यंत एका पगारात भागवू. पण तिघं एकत्र राहू.”

मोदूनं तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाला, “भाई, मलाही तेच हवंय.”

पलीकडून लांब सुस्कारा ऐकू आला. “बरं. राहू देत. आता त्याला जेवू दे. न्जायांच्या हातात भांडं गेलं की कुणाला उरत नाही.”

झाकण निघालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी डोळे पुसले नाहीत. सगळे जेवायला लागले. याय आमच्या परातीशी येऊन बसली आणि माशाचा काटे काढलेला तुकडा बोटांनी तोडून माझ्या बाजूला टाकला. तिथे पाहुण्याला असंच वाढतात. मी तो खाल्ला.

“हिचं नाव काय?” तिनं विचारलं.

“आजपासून केटकी जोब,” फातू म्हणाली. पाहुण्याला आपलं आडनाव देण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे.

“अरे देवा, आणखी एक!” याय माझ्याकडे वळली. “काय ग जोब, भात बरा गेला ना पोटात? जीभ फक्त गिळायलाच आहे का?”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. उत्तर द्यायचं आहे हे मला माहीत होतं. काहीही चाललं असतं. इंग्रजीत मी शाळेत वादविवादाची भाषणं पाठ करून बक्षिसं घेतली होती. तरी मी नुसती हसले आणि मान खाली घातली.

“मग मी जिंकले,” याय म्हणाली. “ऐक, मुली. आमच्यात जो उत्तर देत नाही, त्यानं मान्य केलं असं धरतात. आता तू माझी. चल, माझी पिशवी उचल.”

पिशवी मी खरंच उचलली. याय शारजापर्यंत आपल्या गाडीतून मला सोडणार होती. निघण्याआधी अताया (उकळून उकळून केलेला हिरवा चहा) झाला. तो तीनदा देतात, पहिला कडू, शेवटचा गोड. मला तिन्ही घोट मिळाले. फातूनं आईसाठी शेंगदाण्याच्या दोमोदाचा (दाट कालवणाचा) डबा भरून दिला. लाडवांचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वाटेत याय डुलक्या घेत होती आणि तिचा पुतण्या गाडी चालवत होता. मी मनात उत्तरं जुळवत होते. एक बरं जमलं, तोवर शारजा आली. मी उतरताना याय म्हणाली, “उत्तर उरलंय तुझं. घाई नाही. जोब तसेही हळूच असतात.”

अबूधाबीच्या बसमध्ये परत त्याच क्रेन लागल्या. गाम्बिया मी पाहिलेला नाही, कदाचित पाहणारही नाही. पण लहान देशातल्या माणसांनी एक मोठी सोय करून ठेवली आहे, असं वाटलं. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी थट्टा करत दार उघडून देणारं कुणीतरी जन्मतःच ठरलेलं असतं. आमच्या घरात असं आडनाव नव्हतं. याय काही खलिफा सिटीत येऊन आमच्या कुकरवर हात ठेवून बसणार नव्हती. दार मलाच ढकलायला लागणार होतं. हे कळल्यावर भीती गेली असं नाही. पण मॅनेजरना काय सांगायचं ते ठरलं, आणि त्याआधी कुणाला सांगायचं तेही.

घरी पानं घेतलेली होती. आईनं दोमोदा चाखला आणि म्हणाली, “अय्या, ही तर दाण्याची आमटी. चिंच हवी होती जरा.” ओमनं, “नॉट बॅड,” म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाबा भात कालवत म्हणाले, “तिकिटांचं बोललोय एजंटशी. चार. उद्या पक्की करतो.”

मी चमचा खाली ठेवला.

“बाबा, माझं नको. मला कंपनी व्हिसा देतेय. मी राहतेय.”

बाबांचा हात ताटातच थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “अगं,” बाबा म्हणाले, “इतके दिवस घरात हेच चाललंय. तू एकदाही काही बोलली नाहीस.”

मी पाण्याचा घोट घेतला आणि मान वर केली.

“बोलले नाही म्हणजे हो म्हणाले असं नाही, बाबा. तीनच तिकिटं काढा.”