पंधरा जर्सी आणि आभाराचं पान

आमच्या बहारीनच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका गेली अकरा वर्षं मीच काढतो. दुसरं कोणी काढत नाही, म्हणून मी संपादक. तिचा एक अंक इथल्या सीफ भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावर पडला होता. आमच्या आयरिश साहेबानं तो चाळला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा आणून आदळला. त्याच्या आयर्लंडमधल्या छोट्याशा गावच्या हर्लिंग क्लबचा इतिहास पुस्तकरूपानं निघणार होता आणि गावानं ते लचांड त्याच्या गळ्यात मारलं होतं. परदेशात राहतो म्हणजे याला वेळच वेळ! हे असं आमच्या रत्नागिरीलाही वाटतं.

हर्लिंग म्हणजे काय, तर पंधरा-पंधरा धडधाकट माणसांनी लाकडी दांडकी घेऊन एका चेंडूमागे लागायचं आणि चेंडू नाही सापडला तर कोणाच्या तरी नडगीवर भागवायचं. साहेब इथेही दर शुक्रवारी खेळतो आणि रविवारी लंगडत ऑफिसला येतो.

वाचायला घेतलं आणि उडालोच. जर्सीच्या रंगावरून भांडण, भांडणातून दोन क्लब, दोन अध्यक्ष, मैदान एकच, आणि शेवटी कुणाच्या तरी लग्नात समेट. अहो, हे तर आमचंच मंडळ! फक्त आमचा समेट अजून व्हायचाय.

साहेबाचं लक्ष मात्र त्यात नव्हतं. त्याचे वडील क्लबचे सेक्रेटरी, आणि आईनं तीस वर्षं दर रविवारी पंधराच्या पंधरा जर्सी घरी धुतलेल्या. चिखल, रक्त, सगळं. आता ती अठ्ठ्याऐंशीची, नजर अधू झालेली. पुस्तकात तिनं आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढीच त्याची इच्छा. पण कमिटीचं ठरलेलं, नावं फक्त खेळाडूंची आणि पदाधिकाऱ्यांची. आणि हा सहा फुटी गडी आपल्याच आईसाठी शब्द टाकायला लाजत होता.

"त्यात काय एवढं!" मी म्हटलं. "आभाराचं पान टाकू. आभारात कोणालाही घालता येतं."

त्यांच्या पुस्तकात आभाराचं पानच नव्हतं. शोभतं का हे? आमच्याकडे मांडववाल्यापासून लाऊडस्पीकरवाल्यापर्यंत आभार मानून होईतो कोणाला घरी जाऊ देत नाहीत. मी एका बैठकीत पान लिहून काढलं. मैदानाचा मालक, चर्चचे फादर, बसवाला, छापखाना. आणि शेवटी सवयीनं, इंग्रजीत, ज्यांचं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य लाभलं त्या ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार. कमिटी भारावली. पान पास.

प्रूफ आलं. साहेबानं ते वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"माझी आई कुठाय?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काय. ह्यात आली." देवाशपथ, मी खरंच असं म्हणालो.

"अज्ञातमध्ये?" त्यानं हळूच विचारलं.

एसीत घाम फुटला मला. ती ओळ लिहिली की माझं काम संपतं, अशी अकरा वर्षांची हाताला सवय! कोण राहिलं, हे बघायचंच मी विसरलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छपाईला एक दिवस होता. फादरना खाली सरकवलं, बसवाल्याला त्यांच्याही खाली, आणि सगळ्यात वर साहेबाच्या आईचं नाव, तीस वर्षं, पंधरा जर्सी, सगळं सविस्तर घातलं. कमिटीनं हूं की चूं केलं नाही. त्यातल्या निम्म्यांच्या जर्सी तिनंच तर धुतल्या होत्या.

पुस्तक गावी पोचलं त्या दिवशी साहेबानं लंच टाइममध्ये व्हिडिओ कॉल लावला. आजीबाईंनी भिंग धरलं आणि स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. साहेब खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होता. मलाही भरून आलं.

"हे लिहिणारा कुठाय?" त्यांनी विचारलं. साहेबानं फोन माझ्याकडे वळवला. आजीबाई म्हणाल्या, "तुमच्याही क्लबचं पुस्तक निघतं म्हणे. तिथे राबतं कोण?"

"माझी बायको," मी म्हटलं. "गणपतीला चारशे मोदक करते."

"तिचं नाव कुठल्या पानावर असतं?"

अकराच्या अकरा अंक डोळ्यांसमोरून गेले. "यंदा घालतो," मी म्हटलं. "इंशाल्ला."

साहेब बहारीनमध्ये चांगला मुरलेला. "इंशाल्ला मफी," तो म्हणाला, म्हणजे इंशाल्ला-बिंशाल्ला काही नाही. "यल्ला, आजच."

संध्याकाळी सनाबिसला घरी आल्या आल्या यंदाच्या अंकाची फाइल उघडली. आभाराच्या पानावर सगळ्यात वर बायकोचं नाव घातलं, मोदकांसकट. ज्ञात-अज्ञात उडवून टाकलं. प्रिंट काढून स्वयंपाकघरात नेऊन दिलं, जरा ऐटीतच.

तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं.

"ती शेवटची ओळ काढलीत वाटतं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होती?"

"अहो, दर वर्षी प्रूफ कोण तपासतं? अकरा वेळा वाचलीये मी ती."